कॅप राउंडपासून पहिल्या सेमिस्टरपर्यंत: कोल्हापूरच्या पोरापोरींसाठी ॲडमिशन सोप्या भाषेत

बारावीचा निकाल लागला, सीईटीचा स्कोअर आला की पुढचे दोन-अडीच महिने घरात दुसरा विषयच नसतो. मामांचा फोन येतो की कॉम्प्युटरच घे, कुणी म्हणतं पुण्यालाच पाठवा, कुणी म्हणतं आत्ताच पैसे भरून सीट धरून ठेवा नाहीतर नंतर पस्तावाल, आणि ज्याचं ॲडमिशन आहे ते पोरगं कोपऱ्यात बसून सगळ्यांचं ऐकत असतं. दरवर्षी जून-जुलैत ओळखीपाळखीतली पोरं फॉर्म घेऊन माझ्याकडं येतात, त्यामुळं गाडी कुठं अडते ते नीट माहिती झालंय. इंजिनिअरिंगची कॅप, म्हणजे मेरिटवर ऑनलाइन सीट वाटायची सरकारी प्रक्रिया, धरून सांगतो, कारण आपल्या कोल्हापूर-सांगली पट्ट्यात गर्दी तिथंच आहे. पर्सेंटाइल एकदा आलं की ते काय बदलत नाही, त्यानंतर तुमच्या हातात खरी ताकदीची गोष्ट एकच उरते ती म्हणजे ऑप्शन फॉर्ममधला, म्हणजे हव्या त्या कॉलेज-ब्रँचच्या यादीतला क्रम, आणि नेमका तोच लोक घाईत आणि भीतीपोटी भरतात.

आधी पर्सेंटाइल समजून घ्या, कारण घरातल्या निम्म्या भांडणांचं मूळ तिथंच असतं. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. सीईटीच्या पीसीएम ग्रुपचा पेपर २०० मार्कांचा, गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ मार्कांना, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न प्रत्येकी १ मार्काला, निगेटिव्ह मार्किंग नाही. पण परीक्षा बऱ्याच दिवसांत, वेगवेगळ्या शिफ्टमध्ये होते आणि प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा असतो, मग कुणाचा सोपा आला कुणाचा अवघड आला हे समान पातळीवर आणायचं कसं, तर तुमच्या शिफ्टमधल्या किती टक्के मुलांचा स्कोअर तुमच्याइतका किंवा तुमच्यापेक्षा कमी आहे ते मोजायचं. ९० पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या शिफ्टमधली ९० टक्के मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागं. आता समजा राज्यात तीन लाख पोरांनी पेपर दिला, तर ९० वाल्याच्या पुढं साधारण तीस हजार आणि ९९ वाल्याच्या पुढं तीन हजार. म्हणजे एका पर्सेंटाइलच्या फरकात तीन हजार मुलं बसली. म्हणून "८९ आणि ९१ काय एकच" असं जे काका म्हणतात ते बरोबर नाही, आणि "९० पडले म्हणजे सगळं मिळणार" असं ज्या मावशी म्हणतात तेही बरोबर नाही. आणि एक, बारावी बोर्डाकडं दुर्लक्ष करणाऱ्यांसाठी: पीसीएममध्ये ओपनला किमान ४५ टक्के आणि महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. सीईटीला भारी स्कोअर आणि बोर्डात ४३ टक्के, असं पोरगं समोर येऊन बसलं की काय बोलावं कळत नाही.

मागच्या वर्षीचा कटऑफ कसा वाचायचा

सीईटी सेलच्या साइटवर प्रत्येक राउंडच्या कटऑफची पीडीएफ असते. ती उघडली की "जीओपनएच", "एलओबीसीएच", "टीएफडब्ल्यूएस" असली अक्षरं दिसतात आणि लोक पीडीएफ बंद करून कुणालातरी फोन लावतात. अजिबात अवघड नाही. पहिलं अक्षर जी असेल तर जनरल सीट, म्हणजे मुलगा-मुलगी दोघांनाही मिळू शकते, एल असेल तर फक्त मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्ग सांगतो. शेवटचं एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, त्या कॉलेजच्याच विद्यापीठाच्या हद्दीतले, ओ म्हणजे बाहेरच्या युनिव्हर्सिटीतून आलेले, आणि एस म्हणजे राज्यस्तरीय सीट. रकान्यात वरचा मोठा आकडा मेरिट नंबर आणि खाली कंसात पर्सेंटाइल. मुलींनी एल आणि जी दोन्ही रकाने बघायचे, बऱ्याच जणी फक्त एल बघतात आणि नाराज होतात. राखीव प्रवर्गातल्या पोरांनाही ओपनची सीट मेरिटवर मिळू शकते, तुम्ही फॉर्ममध्ये काही वेगळं करायचं नसतं, सिस्टीम स्वतः बघते.

टीएफडब्ल्यूएस हा रकाना तर हमखास सुटतो. ट्यूशन फी माफीच्या या सीट मंजूर जागांच्या वर ५ टक्के जादा असतात, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर जातीची अट नाही. कटऑफ नेहमीच्या सीटपेक्षा बराच वर जातो हे खरं, पण ऑप्शन फॉर्ममध्ये त्यांना वेगळा चॉइस कोड असतो आणि तो तुम्ही स्वतः टाकला नाही तर सीट मिळणार कशी? ज्या कॉलेजची साधी सीट टाकताय त्याच्या बरोबर वर त्याचीच टीएफडब्ल्यूएस टाका. मिळाली तर चार वर्षांची ट्यूशन फी वाचली, नाही मिळाली तर खालची साधी सीट आहेच.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं

इथं जरा सावकाश वाचा. फॉर्ममध्ये ३०० पर्यंत ऑप्शन भरता येतात. सीट वाटताना कॉम्प्युटर काय करतो तर मेरिट लिस्टमधल्या पहिल्या नंबरपासून सुरू करतो. तुमचा नंबर आला की तुमचा पहिला पर्याय बघतो, तिथं तुमच्या प्रवर्गाची सीट शिल्लक आहे का, असली तर दिली, नसली तर दुसरा पर्याय, मग तिसरा, असं खाली उतरत जातो. ते कॉलेज तुम्ही पहिल्या नंबरला लिहिलंय का पंधराव्या, याला तिथं काडीची किंमत नाही, किंमत फक्त मेरिट नंबरला.

आता समजा उचगावची एक मुलगी आहे, तिला ९१ पडलेत. तिला मनातून सांगलीचं वालचंद हवंय, नाही झालं तर कोल्हापूरचं केआयटी, नाही झालं तर इचलकरंजीचं डीकेटीई. घरचे म्हणतात वालचंद वर टाकू नको, ते मिळणार नाही आणि त्या नादात केआयटी पण जाईल. ही भीती दहापैकी आठ घरांत असते आणि ती शंभर टक्के चुकीची आहे. वालचंद पहिल्या नंबरला टाकल्यानं तिची केआयटीची संधी तसूभरही कमी होत नाही, कारण कॉम्प्युटर वालचंद बघून, सीट नाही म्हणून, त्याच सेकंदाला केआयटीवर येतो आणि तिथं तिच्यापेक्षा कमी मेरिटवाल्याला तिच्या आधी सीट मिळूच शकत नाही. त्यामुळं क्रम लावायचा तो "काय मिळेल" याचा नाही, "काय हवंय" याचा. अगदी मनातला क्रम, वरून खाली.

पण यात एक मेख आहे. २०२५-२६ पासून चार राउंड झाले आणि ऑटो फ्रीझचा नियम कडक झाला. पहिल्या राउंडला तुमचा पहिला पर्याय मिळाला तर सीट आपोआप फ्रीझ. दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी कुठलाही मिळाला तरी फ्रीझ, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी कुठलाही. चौथ्यात जे मिळेल ते शेवटचं. फ्रीझ झाली म्हणजे तीच सीट घ्यायची, पुढच्या राउंडला तुम्ही नाही. माझ्याकडं आलेल्या एका पोरानं "सेफ" म्हणून घराजवळचं कॉलेज पहिल्या नंबरला टाकलं होतं आणि खरं हवं असलेलं दुसऱ्या नंबरला. पहिल्या राउंडला सेफ मिळालं, सीट फ्रीझ झाली, आणि दुसऱ्या नंबरच्या कॉलेजचा कटऑफ बघितला तर याच्या पर्सेंटाइलच्या खाली बंद झालेला. तिथं मिळत होतं त्याला. वडील म्हणाले, "काहीतरी करता येईल का बघा की ओ." काहीच करता येत नव्हतं. म्हणून सांगतो, पहिले सहा पर्याय घरात सगळ्यांनी बसून, शांतपणे ठरवा, आणि प्रत्येकाला विचारा की उद्या हेच मिळालं तर आनंदानं जाणार का? उत्तर "बघू" असेल तर तो पर्याय पहिल्या सहात नको. नियम वर्षाला थोडेफार बदलतात, त्यामुळं त्या वर्षाची माहिती पुस्तिका उघडून राउंडचा भाग तरी स्वतः वाचाच, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोवर जाऊ नका.

सीट मिळाली की १,००० रुपये सीट ॲक्सेप्टन्स फी ऑनलाइन भरायची आणि ऑटो फ्रीझ नसेल तर फ्रीझ किंवा बेटरमेंट निवडायचं. बेटरमेंट म्हणजे हातातली सीट ठेवून वरच्यासाठी थांबणं. वरची मिळाली की आधीची आपोआप गेली, परत मागता येत नाही, म्हणून बेटरमेंटला जाताना वरचे पर्याय खरंच वरचे आहेत ना ते परत एकदा बघा. आणि शेवटच्या दिवसावर काही ठेवू नका. हे सगळं नेमकं जुलै-ऑगस्टला चालतं, त्याच दिवसांत पंचगंगेला पाणी येतं, रस्ते बंद होतात, लाइट जाते. शिरोळ आणि करवीरच्या नदीकाठच्या गावातल्या पोरांनी तर कागदपत्रांचे स्कॅन फोनमध्ये, मेलवर आणि एका नातेवाइकाकडं, असे तीन ठिकाणी ठेवा.

कागदपत्रं

यात नवीन काही सांगण्यासारखं नाही, पण सीट सगळ्यात जास्त इथं जातात म्हणून थोडक्यात. जात वैधता, म्हणजे व्हॅलिडिटी, बारावीचा निकाल लागल्यावर काढायला गेलात तर उशीर झाला, अकरावीलाच कॉलेजचं पत्र घेऊन प्रकरण दाखल करा. नॉन क्रीमी लेयरवर ३१ मार्चची तारीख असते, ती चालू शैक्षणिक वर्ष झाकते का ते बघा. ईडब्ल्यूएस आणि ओबीसीचे दाखले राज्याच्या नमुन्यातले वेगळे आणि केंद्राच्या नमुन्यातले वेगळे, जेईई किंवा नीटच्या ऑल इंडियासाठी केंद्राचा लागतो. दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव एकसारखं आहे का ते मे महिन्यातच बघून ठेवा.

पैशाचं गणित

आपल्या शहरात हा विषय काढताना शाहू महाराजांचं नाव येणारच. २६ जुलै १९०२ ला महाराजांनी मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या, त्याच्या आसपास बोर्डिंगं काढली, दसरा चौकात गेलात तर त्यातली अजून उभी दिसतात. आज ज्या योजनेतून ओपन आणि ईडब्ल्यूएसच्या पोरांना निम्मी ट्यूशन फी मिळते तिचं नावच राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. आणि जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. हे इतकं मोठं काम आहे आणि तरीही मला अजून असे पालक भेटतात जे फीच्या भीतीनं पोरीला बी.एस्सी.ला घालतात आणि पोराला इंजिनिअरिंगला. बी.एस्सी. वाईट नाही, पण पोरीला इंजिनिअरिंग हवं असेल तर फीचं कारण आता उरलेलं नाही, कृपा करून चौकशी करा.

मात्र हे सगळं कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाला. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली की ही शिष्यवृत्ती नाही. "आत्ताच सीट बुक करा, नंतर कॅपच्या भानगडीत पडू नका" असं कुणी म्हणालं तर चार वर्षांची सुटलेली शिष्यवृत्ती त्या सौद्याच्या किमतीत धरा. डोनेशन घेणं तर १९८७ च्या कायद्यानं गुन्हाच आहे. प्रत्येक खाजगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि त्यांच्या साइटवर ती वर्षवार दिसते, काउंटरवर सांगितलेल्या आकड्याशी ती ताडून बघा आणि पावती मागा, तीही ट्यूशन, डेव्हलपमेंट, बाकीचं अशी फोड केलेली. फी माफ म्हणजे शून्य खर्च नव्हे, डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, पुस्तकं हे राहतंच. बाहेरगावी राहणाऱ्यांनी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा अर्ज महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरच भरा, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी ती मुद्दाम आहे. पैसे आधार लिंक असलेल्या खात्यावर येतात. आणि अर्ज दरवर्षी रिन्यू करावा लागतो, सेकंड इयरला ते विसरून बसलेली पोरं ढीगभर आहेत.

ब्रँच की कॉलेज? माझं स्पष्ट मत असं की एखाद्या ब्रँचचा मनापासून कंटाळा असेल तर नावाजलेल्या कॉलेजसाठी ती घेऊ नका, पण तसं काही नसेल आणि फक्त "कॉम्प्युटरच पायजे" म्हणून जिथं लॅब नाही, कायमचे शिक्षक नाहीत अशा ठिकाणी जात असाल तर थांबा. उद्यमनगरातले वर्कशॉप, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीतल्या फाउंड्री, इथलं कास्टिंग देशभरातल्या गाड्यांत जातं, मेकॅनिकलच्या चांगल्या पोराला इथं काम शिकायला घरापासून दहा-पंधरा किलोमीटरच जावं लागतं. कॉलेज बघायला साध्या मंगळवारी-बुधवारी जा, तिथल्या सेकंड इयरच्या पोरांना कँटीनमध्ये गाठा, लॅबमधली मशिनं चालू आहेत का, लायब्ररी किती वाजता बंद होते ते विचारा. एनबीए हे एकेका ब्रँचचं मानांकन आणि नॅक हे अख्ख्या कॉलेजचं, त्यामुळं "आमचं कॉलेज एनबीए" असं कुणी म्हणालं तर कुठल्या ब्रँचला आणि कुठल्या वर्षापर्यंत ते विचारायचं. चौकातल्या फ्लेक्सवर सगळ्यात मोठं पॅकेज असतं, तुम्ही मेडियन विचारा, म्हणजे नोकरी लागलेल्या सगळ्यांना पगाराच्या क्रमानं उभं केलं तर बरोबर मधल्याला किती मिळाले, आणि त्या ब्रँचच्या एकूण किती पोरांना लागली. या दोन आकड्यांना सरळ उत्तर देणारं कॉलेज मला आवडतं.

आता ॲडमिशन झालं, पुढं काय

पहिल्या महिन्यात राहण्याखाण्याचं बस्तान बसवा. हॉस्टेल नाही मिळालं तर कॉट बेसिसवर रूम बघताना डिपॉझिट किती, सोडताना किती कापणार, लाइट बिल कसं वाटायचं हे कागदावर घ्या. मेस लावताना खाड्याचं काय ते आधी विचारा, काही ठिकाणी सलग तीन-चार दिवस सुट्टी घेतली तरच खाडा धरतात, आणि पोरं दर शनिवार-रविवार गावाला जातात म्हणजे महिन्याला आठ दिवसांचे पैसे वाया. एस्टीचा विद्यार्थी पास काढा. शिवाजी विद्यापीठात शिकणाऱ्यांना कमवा आणि शिका योजनेत काम मिळू शकतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, या योजनेतून शिकलेली माणसं आज मोठ्या मोठ्या पदांवर आहेत.

मराठी मीडियमची पोरं पहिल्या सेमिस्टरला गप्प होतात, हे मला सगळ्यात जास्त लागतं. हुशार पोरगं असतं, बारावीला गणितात नव्वदच्या वर मार्क, आणि इथं सर इंग्रजीत शिकवतात म्हणून शेवटच्या बाकावर जाऊन बसतं, वहीत सगळं उतरवून घेतं आणि रूमवर येऊन उघडून बघितलं की काही कळत नाही. बाळा, लेक्चर झाल्यावर सरांच्या केबिनला जा आणि मराठीत विचार. आपल्याकडचे बहुतेक शिक्षक इथलेच आहेत, ते मराठीत सांगतात, आनंदानं सांगतात. पुस्तकातली पहिली वीस पानं डिक्शनरी घेऊन वाचायची, तेच शब्द पुढं सेमिस्टरभर परत परत येतात. दोन महिन्यांत फरक पडतो, पडलेला मी बघितलाय.

हजेरी ७५ टक्के लागते आणि ती विषयवार मोजतात. इंटरनलचे मार्क हे हातातले मार्क, सबमिशन वेळेत दिलं आणि टेस्ट दिली तर निम्मी लढाई तिथंच. ऑटोनॉमस कॉलेज असेल तर अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजची, पण डिग्री विद्यापीठाचीच, त्यामुळं "ही डिग्री चालते का" म्हणून घाबरायचं कारण नाही.

कुणी सीनियर रूमवर बोलवून त्रास देत असेल तर ते सहन करायचं नसतं. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, फोन चोवीस तास चालू, नाव न सांगताही तक्रार करता येते. आणि मन लागत नाही, झोप येत नाही, सारखं रडू येतंय असं झालं तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात. पालकांनीही रोज फोनवर "अभ्यास झाला का" याच्याआधी "जेवलास का, कुणाबरोबर जेवलास" असं विचारावं, त्या उत्तरातून पोराचं खरं कसं चाललंय ते कळतं.

आणि पहिल्या सेमिस्टरला एखादा विषय राहिला, बहुतेक वेळा मॅथ्स वन राहतो, तर घरी लपवू नका. एटीकेटी म्हणजे राहिलेला विषय बरोबर घेऊन पुढच्या वर्षात जायची परवानगी, पण किती विषय राहिले तर चालतात याची मर्यादा प्रत्येक कॉलेजच्या नियमात लिहिलेली असते, ती बघून घ्या. निकाल लागला की उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी आणि रिव्हॅल्युएशनचा अर्ज ठरलेल्या थोड्याच दिवसांत करावा लागतो, तेवढे दिवस रडण्यात घालवू नका. फोटोकॉपी घेऊन त्या विषयाच्या मॅडमकडं जा, कुठल्या प्रश्नात मार्क गेले ते समजून घ्या आणि पुढच्या परीक्षेचा फॉर्म त्याच आठवड्यात भरून टाका.